मलाक्वेनला उठवू नका

४ फेब्रुवारी, रविवार

आज चर्चमध्ये मलाक्वेनने पास्टरना गप्प केलं. प्रवचन ऐन रंगात आलं होतं, योना माशाच्या पोटात शिरत होता, आणि माझ्या मांडीवर झोपलेल्या या सहा वर्षांच्या पोराने असा काही सूर लावला की पुढच्या बाकांवरच्या बाया वळून बघायला लागल्या. पास्टर थांबले. मागून म्हातारा अरप सितिएनेई ओरडला, "थांबा पास्टर, आधी मलाक्वेनचं होऊ द्या! तो बोलत असताना तुमच्या बापालाही कधी बोलता आलं नाही." सगळं चर्च हसलं. मी हसता हसता डोळे पुसले.

अगदी तोच आवाज. आधी घरघर, मग चढ, मग वर पोचून एकदम शांत, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा मोठा श्वास. माझा नवरा असाच घोरायचा. चहाच्या मळ्यापलीकडच्या घरांना ऐकू जायचं. तो गेल्यावर वर्षभरात माझ्या लेकाला, किबिवोतला, हा मुलगा झाला. नाव ठेवायच्या दिवशी आम्ही बायका तपकिरीची चिमूट बाळाच्या नाकाशी धरून घराण्यातल्या गेलेल्यांची नावं घेत होतो. कोणाच्याच नावाला शिंकलं नाही. माझ्या नवऱ्याचं, "मलाक्वेन" म्हटलं आणि शिंकलं. कोण परत आलं ते तेव्हाच ठरलं. पुढे घोरायला लागला तेव्हा उरलेल्यांचीही तोंडं बंद झाली.

सून जेरोतिच तेवढी हसली नाही. तिने हात घालून त्याची मान सरळ केली. मी तिचा हात बाजूला सारला. या घरात मलाक्वेनला कोणी झोपेतून उठवत नाही. म्हातारा होता तेव्हाही उठवलं नाही, आता तर नाहीच.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेतून बोलावणं आलं म्हणून गेले. ज्या वर्गात मी उभा जन्म काढला त्याच वर्गात आता केस रंगवलेली एक पोरगी शिकवते. मला आजीच म्हणते, "कोगो, तुमचा नातू वर्गात पेंगतो. उठवला की मारामारी करतो. आणि तोंड कायम उघडं."

मी म्हटलं, "बाई, याचा आजोबा पंचांच्या बैठकीत डोळे मिटून बसायचा. लोकांना वाटायचं, झोपला. आणि शेवटी निकाल तोच द्यायचा."

ती म्हणाली, "कोगो, हा अजून अ आ लिहीत नाही."

येताना बाकीची पोरं धावत पुढे गेली. आमच्या डोंगरात पोर चालायच्या आधी पळायला शिकतं. हा वळणावर दगडावर बसला, आ वासून. मीही बसले. मला काय घाई आहे? डोळ्यांखाली काळं दिसलं. म्हाताऱ्याच्याही असायचं. पंचाला विचार फार करावा लागतो.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज भांडण झालं, ते लिहूनच ठेवते.

जेरोतिच सकाळी अंथरूण धूत होती. पोराने पुन्हा ओलं केलं. मी म्हटलं, आता मोठा झाला, त्याला जरा रागव. ती हातातलं तसंच टाकून उभी राहिली. "आई, याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवू या. रात्रभर घामाने न्हातो. उशीवरून मान मागे टाकतो. श्वास अडकतो, मग मी हलवते, तेव्हा सुरू होतो."

"हलवतेस? रोज?"

"रात्रीतून कितीतरी वेळा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग पोर दिवसा पेंगेल नाहीतर काय करेल! आई रात्रभर ढोसते, आणि बाई शाळेतून मला निरोप पाठवते. तिने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून ती त्याला लिमो म्हणते, त्याचं दुसरं नाव किपलिमो, त्याचं लिमो. ते मी चालवून घेतलं. पण त्याला डॉक्टरकडे नेऊन त्याचा आवाज कापून आणायचा? आजोबाने दिलेलं एवढंच तर आहे त्याच्याकडे.

किबिवोत मोंबासाच्या वाटेवर चहाचा ट्रक घेऊन गेलाय. फोन लावला. तो तिला म्हणाला, "आई म्हणते तसं कर." बास. आजपासून मलाक्वेन माझ्या घरात, माझ्या खाटेवर झोपणार. अंगणापलीकडे तर घर आहे माझं. नातवंडांनी आजीजवळच झोपायचं असतं.

तिने त्याची उशी आणून दिली, आणि आणखी एक दिली. "डोकं वर ठेवा आई, एवढं तरी करा." मी दुसरी उशी परत पाठवली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हातारा गेल्यापासून इतकी गाढ झोपले नव्हते. तो आवाज कानाशी, आणि मी मेल्यासारखी झोपले.

६ मार्च, मंगळवार

अरप सितिएनेई दुपारी आला. म्हाताऱ्याच्या बरोबरीचा, एकाच वेळी दोघांची दीक्षा झालेली, त्यामुळे माझ्या घरात त्याला सगळं माफ. नाचणीची दारू प्यायला येतो आणि येताना ओढून प्यायची नळी स्वतःची आणतो, म्हणे दुसऱ्याची लागत नाही. मलाक्वेन बाकावर झोपला होता. अरप सितिएनेई त्याच्या पायाशी बसला, डोळे मिटून ऐकत राहिला.

"ऊठ रे मलाक्वेन," म्हणाला, "दारू संपत आली."

मग आपलंच बोलत राहिला. गुरं राखायला रानात रात्र काढायचे तेव्हाच्या गोष्टी. "हा मध्येच थांबायचा बघ. आवाज नाही, श्वास नाही. आम्ही आळीपाळीने लाथ घालायचो. लाथ बसली की इंजिन चालू. तुझ्याशी लग्न झालं आणि बिचाऱ्याच्या लाथा बंद झाल्या."

खूप हसलो. मी म्हटलं, माझ्या घरात राजासारखा झोपला तो. "झोपला खरा," अरप सितिएनेई म्हणाला, "आणि राजासारखा गेला. रात्री झोपला, सकाळी उठला नाही. ना दुखणं, ना खुपणं. असं मरण मागून मिळत नाही." जाताना त्याने पोराच्या छातीवर चूळभर दारू तोंडाने फवारली आणि आशीर्वाद दिला, "आजोबाचं सगळं घे."

जेरोतिच दारात चहाची टोपली घेऊन उभी होती. तिने ऐकलं असावं. तिने येऊन पोराचा सदरा बदलला.

११ मार्च, रविवार

काल रात्री खिडकीच्या फळीवर कोणीतरी ठोकलं. दोन ठोके, हलके. पावसाला सुरुवात झालीय, फांदी असेल.

२० मार्च, मंगळवार

फांदी नाही. खिडकीजवळ झाडच नाही.

आता मी लक्ष देते. घोरणं चढतं, थांबतं. घरात काही ऐकू येत नाही. मग फळीवर ठक ठक. पोर दचकतं, मोठा श्वास घेतं, कूस बदलतं, पुन्हा सुरू. रोज. एकदा मी "कोण आहे?" म्हणून विचारलं. उत्तर नाही.

कोणाला सांगितलेलं नाही. पास्टर माझ्याबद्दल म्हणतील, तापसुबेई म्हातारी झाली. पण कोण आहे ते मला माहीत आहे. आपला आवाज नीट चाललाय ना, बघायला येतो. आयुष्यभर कोणाच्या दारात टकटक न करता शिरला, आणि मेल्यावर रीत शिकला! मला आधी बरं वाटलं. आज सकाळी मात्र खिडकीखालचं गवत तुडवलेलं दिसलं आणि अंगावर काटा आला. मेलेल्यांच्या पायांनी गवत मोडतं का? शेळी असेल, शेळीच असणार.

२ एप्रिल, सोमवार

ठोके वाढलेत. रात्रीतून किती ते मोजायचं मी सोडून दिलं.

काल ईस्टर. मलाक्वेनला नवा सदरा आणला, तो मागच्या वर्षीच्या मापाचाच लागला. मक्याची उगाली अर्धी टाकली. घास चावताना श्वास घ्यायला थांबतो. मला आता भलतंसलतं सुचतं. म्हातारा पोराला बघायला येतोय की न्यायला? ठोकलं की पोर कसं दचकतं! संध्याकाळी उंबऱ्यावर थोडं मुरसिक ओतलं, दुधी भोपळ्यात चांगलं मुरलेलं आंबट दूध, त्याच्या आवडीचं. म्हटलं, "तुम्ही आलात, राहिलात, आता थांबा. त्याला शाळा तरी शिकू द्या."

रात्री ठोका झालाच.

१४ एप्रिल, शनिवार

आणखी एक कटकट. जेरोतिच चहा तोडताना उभ्या उभ्या झोपली आणि टोपलीसकट बांधावरून खाली आली. मळ्यात हसू झालं. पहाटे मी तिच्याकडे विस्तव आणायला गेले, अंथरूण रिकामं. मग ती चूलघरामागून आली, पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. विचारलं तर म्हणे, शेळ्या बघायला गेले होते.

शेळ्या! मी काय कालची नाही. नवरा महिना महिना रस्त्यावर, बाई तरणी, आणि रात्री पाय घराबाहेर. शेजारणीनेही दोनदा अंगणात टॉर्चचा उजेड पाहिलाय. लिहू नये, पण लिहिते. घरात एकीकडे मेलेला फिरतोय, दुसरीकडे जिवंत सून. किबिवोतला फोन केला.

१९ एप्रिल, गुरुवार

किबिवोत आला. रागाने लालबुंद, तीन रात्री झोप नाही. जेरोतिचला अंगणातच विचारलं, रात्री कुठे जातेस?

ती म्हणाली, "लिमोला राखते."

मी हसले. "पोर माझ्या कुशीत, दाराला आतून कडी. तू चिखलात उभी राहून काय राखतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. किबिवोत म्हणाला, "माहेरी जा. चार दिवस तोंड दाखवू नकोस." ती आत गेली, गाठोडं बांधलं, आणि येऊन माझ्या पायांशी बसली. भांडायला बसली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आई, तुम्ही मला काहीही म्हणा. पण आवाज थांबला की त्याला हलवा. झोपू नका."

"मला झोपायचं शिकवतेस?"

"नाही आई. जागं राहायला सांगतेय."

गेली. किबिवोतही संध्याकाळी ट्रकवर गेला, त्याला मालकाने एवढीच सुटी दिली होती. घर कसं स्वच्छ झालं असं वाटायला हवं होतं.

२१ एप्रिल, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

परवा रात्री ठोका झाला नाही. मी म्हटलं, बरं झालं, मुरसिक पावलं. पोर रात्रभर तळमळत राहिलं, घामाने भिजलं. मला डुलक्या लागत होत्या.

काल रात्री पाऊस थांबला होता. सगळं अगदी निवांत. मलाक्वेन पाठीवर झोपलेला, मान मागे. आवाज चढला. वर पोचला. थांबला.

मी ठोक्याची वाट बघितली.

ठोका आला नाही.

मी तशीच पडून राहिले. खिडकीकडे बघत राहिले. इतक्या रात्री तो आला, आज का नाही? ये ना रे, असं मनात म्हणत होते. मग अरप सितिएनेईची लाथ आठवली. रानातल्या पोरांची आळीपाळीची लाथ. आणि कोणी अंगावर थंड पाणी ओतावं तसं मला कळलं. माझा म्हातारा गेला त्या रात्रीही घर असंच शांत होतं.

टॉर्च लावला. पोराची छाती हलत होती, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पण तोंडातून काही आत जात नव्हतं. ओठ राखेच्या रंगाचे. मी त्याला दोन्ही हातांनी ओढून बसतं केलं, पाठीवर मारलं, नाव घेऊन ओरडले. सगळ्या नावांनी. मग तो श्वास आला. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, आणि तरी रोज ऐकत होते.

पोर माझ्या गळ्याला धरून रडायला लागलं. घसा बसलेला. म्हणालं, "कोगो, आईने का नाही ठोकलं?"

"काय रे?"

"आई ठोकते ना. मी पाण्यात जातो तेव्हा आई ठोकते. मग मी वर येतो. आज ठोकलं नाही."

उजाडेपर्यंत मी त्याला छातीशी बसवून ठेवला. डोळ्याला डोळा लावला नाही. पेंग आली की स्वतःच्या दंडाला चिमटा काढला. उजाडल्यावर मोटारसायकलवाला बोलावला, पोराला मध्ये बसवलं आणि जेरोतिचच्या माहेरी गेले. ती गोठ्यात दूध काढत होती. आम्हाला बघून भांडं सांडलं.

मी सासू, पण मी तिच्या माहेरची पायरी चढले. तिने पोराला उचललं तेव्हा हात दिसले. बोटांचे सांधे सोललेले, खपल्या धरलेल्या, त्याच्यावर नव्याने सोललेले. आमच्या खिडकीची फळी जुन्या लाकडाची आहे, खरखरीत.

"चल घरी," एवढंच म्हणाले. "आधी हॉस्पिटल, मग घरी."

३ मे, गुरुवार

कपसाबेतच्या हॉस्पिटलातून चिठ्ठी दिली आणि आम्ही एल्डोरेटला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, माझ्यापेक्षा जास्त कडक. पोराच्या तोंडात उजेड टाकून मला बोलावलं. "बघा कोगो." घशात दोन्ही बाजूंना गाठी, एकमेकींना टेकलेल्या. म्हणाल्या, नाकाच्या मागेही तसाच मांसाचा गोळा वाढलाय. जागा आहे ती काडीएवढी, आणि झोपेत अंग सैल पडलं की तीही मिटते.

"कधीपासून घोरतो?"

"दोन वर्षांचा होता तेव्हापासून. हे त्याच्या आजोबांचं आहे," मी म्हटलं. सवयच ती.

"आजोबा कसे गेले?"

"झोपेत."

त्यांनी लिहायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं. मग जेरोतिचला एकेक विचारायला लागल्या. श्वास थांबतो का, घाम येतो का, अंथरूण ओलं होतं का, दिवसा झोपतो का, चिडतो का, वाढतो का. ती हो हो म्हणत गेली. मी प्रत्येक हो ऐकला. यातलं एकही मला ठाऊक नव्हतं असं नव्हतं. प्रत्येकाचं माझ्याजवळ एकेक गौरवाचं उत्तर तयार होतं.

शेवटी मलाच दरडावलं. "सर्दी झाली आणि पोर चार दिवस घोरलं, तर घाबरू नका. पण रोज घोरतं, मोठ्याने घोरतं, मध्ये श्वास अडकतो, त्या पोराला त्याच आठवड्यात दाखवायचं. वाट बघायची नाही. चर्चमध्ये जाता ना? तिथे सांगा."

"गाठी काढल्यावर आवाज जाईल?" मी विचारलं.

"जायलाच हवा."

"सगळा?"

जेरोतिचने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

१८ मे, शुक्रवार

झालं. काल काढल्या. गार दूध पितो, मुरसिक मागतो, आंबट म्हणून देत नाहीत. रात्रभर तिथल्या बाकावर आम्ही दोघी आळीपाळीने जागलो. किबिवोत आला. बायकोशी काय बोलला ते मी ऐकलं नाही, मुद्दाम बाहेर गेले.

१० जून, रविवार

चर्चमध्ये पोर माझ्या मांडीवर झोपलं. प्रवचन संपेपर्यंत कोणी वळून बघितलं नाही. अरप सितिएनेई बाहेर आल्यावर म्हणाला, "माझा मित्र कुठे घालवलास?" डोळे भरले होते म्हाताऱ्याचे. मी म्हटलं, "सात वर्षांपूर्वीच गेला रे. तू लाथ घालायला नव्हतास." त्याला ते लागलं असेल. मलाही लागलं. मग डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळ्या बायांना उभं राहून सांगितलं, शाळेत सांगायची तसं. दोघी मागे थांबल्या, आपल्या पोरांचं विचारायला.

चर्चमधून येताना वळणावरच्या दगडावर पोर बसलं नाही. मीच बसले.

शाळा नाही म्हणून काल रात्री तो माझ्याकडे झोपायचा हट्ट धरून आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मला झोप कसली येते! घर इतकं शांत की आढ्यावरची पाल ऐकू येत होती. चार वर्षं तो आवाज जवळ होता, मी एकटी नव्हते. काल मी पुन्हा विधवा झाले. थोडी रडले, आवाज न करता. पोराच्या पाठीवर तळवा ठेवून बसले. पाठ वर, पाठ खाली. वर, खाली.

तेवढ्यात फळीवर ठक ठक.

किती वेळ उभी होती कोण जाणे, भिंतीला कान लावून. आतून काही ऐकू येईना, तिने काय करावं? मी खिडकीशी गेले आणि आतून दोनदा ठोकलं. मग जाऊन कडी काढली. ती थंडीत कुडकुडत होती, पाय चिखलात.

"आई, आवाज येत नव्हता," ती म्हणाली.

"आता येणार नाही. आत ये. हात लावून बघ."

तिने हात ठेवला. मी दुसरी उशी आणायला गेले तर म्हणाली, नको, आता लागणार नाही. मग आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिलो, मध्ये लिमो झोपलेला.